बाहेरचा एकही खडा नाही

पाणी वाचवायचं तर आधी काठ वाचवावा लागतो, हे थोर सत्य आमच्या मत्स्यशास्त्रज्ञाला पंधरा वर्षं ओढ्यात उभं राहिल्यावर उमगलं. गुडघे गेल्याचं त्याआधीच उमगलं होतं.

त्याचा मासा बोटाएवढा. ना खायच्या कामाचा, ना शोभेच्या. ओढ्याच्या एकाच वळणावरच्या गोट्यांना तो अंडी चिकटवतो. दुसरीकडे नेलं तर रुसतो. काठावर गाड्या उतरायच्या, चिखल व्हायचा, अंडी गुदमरायची. काठ सरकारी जमिनीत, आणि मत्स्यखात्याचा अधिकार पाणी संपेल तिथे संपायचा. म्हणून तो खातं बदलून जमीन-संवर्धनात आला. "जावईबापू पाण्यातून बाहेर आले," सासरे म्हणाले, "आता हळूहळू माणसांत येतील."

वरिष्ठांचे उंबरे झिजवून त्याने गाड्या बंद करवल्या. नियमही स्वतःच लिहिले: सिमेंट नको, बाहेरचा माल आणायचा नाही, ओढ्यात काही टाकायचं नाही. मासा वाढू लागला. मग लोकांनी तक्रार केली की जमीन जनतेची आणि जनतेलाच बंदी, हा कुठला न्याय. वरिष्ठांनी तोडगा काढला: मासा बघायला वळणापर्यंत पायवाट. नको म्हटलं असतं तर गाड्या परत आल्या असत्या. त्याने मुकाट्याने हो म्हटलं, पाण्यापासून लांब आखणी करून दिली आणि 'लोकसहभागातून संवर्धन' या विषयावर बोलायला आठवडाभर परगावी गेला.

परतला तेव्हा वाट तयार होती. एकसारखे, गुळगुळीत गोटे, वरून रोलर फिरवलेला. वळणावर पाण्याखाली नुसता गाळ.

मुकादम शाबासकी घ्यायला पुढे आला. तशी ती त्याची रास्तच होती. "साहेब, बाहेरचा एकही खडा आणला नाही. सगळा माल तुमच्या वळणावरचाच. शिवाय ओढ्यानेच धुतलेला."

कडेचा एक सुटा गोटा शास्त्रज्ञाने उचलून उलटा केला. पोटाला मोहरीएवढे दाणे चिकटले होते, वाळलेले.

"हे परत टाकता येतील?"

"येतील की. पण ओढ्यात काही टाकायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

रागावायला त्याने माणूस शोधला. नियमांखाली सही त्याचीच होती.

उद्घाटनाला सासरेही आले, काठी न टेकता वळणापर्यंत जाऊन आले. मासा दिसला नाही. वाट मात्र चांगली झाली आहे. पाय घसरत नाही.