घेवड्याचे डबे

आमचा हेडमास्तर टेन्यवा म्हणजे एक नंबरचा चिक्कू. पाहुणा आला तरी स्वतःची कोंबडी कापायला त्याचा जीव होत नाही. मुडदा बसवला त्याचा!

पहिलीची बाई नाइगागा अजून कच्च्या नोकरीत होती. इन्स्पेक्टर येणार, वर्गातलं शिकवण्याचं साहित्य बघणार आणि आवडलं तरच तिला पक्की करणार. पोरीने जीव ओतला. प्रत्येक मुलाने मोजायला घरून मूठभर घेवडा आणला, तिने रंग निवडले. तांबडा एका डब्यात, पांढरा दुसऱ्यात, काळा आणि पट्ट्यापट्ट्यांचा वेगळा. भुंगा लागू नये म्हणून सगळा राखेत घोळला. डब्यांवर चित्रं चिकटवली, त्यामुळे वाचता न येणारं पोरही डबा बरोबर जागेवर ठेवायचं. आमच्या वर्गांना दारं नाहीत, शेळ्या शिरतात. म्हणून संध्याकाळी डबे हेडमास्तरच्या कोठीत, कुलपात.

इन्स्पेक्टर आला तो थेट जेवायलाच बसला. टेन्यवाने वाढायला नाइगागालाच बोलावलं. आमच्याकडे बाईने गुडघे टेकून वाढायचं, आणि पाहुण्यासमोर अन्नाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तिने गुडघे टेकले, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तिचा हात तिथेच थांबला. घेवड्याची आमटी होती. तांबडा, पांढरा, काळा, पट्ट्यांचा, सगळा एकत्र. असा चार रंगांचा घेवडा कुणाच्या घरी शिजतो? मी दुसरीची बाई, पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभी होते. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"जरा राखट लागतंय," इन्स्पेक्टर म्हणाला.

"चुलीवरचं आहे ना, साहेब!" टेन्यवा म्हणाला. "अहो बाई, वाढा की अजून. लाजता काय?"

तिने वाढलं. काय करणार बिचारी?

जेवण उरकून सगळे वर्गात आले. कोठीतून डबे आणले, तर चारही रिकामे.

"मुलं मोजतात कशावर?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"घेवड्यावर, साहेब."

"मग कुठाय तो?"

नाइगागाने टेन्यवाकडे पाहिलं. तो आढ्याकडे बघत होता. नोकरी हातची चालली म्हटल्यावर ती बोलली, "आत्ता तुम्ही जेवलात ना, तोच."

इन्स्पेक्टरचा चेहरा उतरला. टेन्यवा मात्र कडाडला, "शाब्बास! पाहुण्याचं खाल्लेलं काढता? आईने हेच शिकवलं का?"

"खरं बोलतेय ती!" मी ओरडले. पण ऐकतो कोण? "असली बाई मला शाळेत नको," एवढं बोलून इन्स्पेक्टर गाडीत जाऊन बसला.

टेन्यवाने तिला परत जेवणाच्या जागी नेलं आणि टेबलाखाली पडलेली सोड्याच्या बाटल्यांची बुचं पायाने तिच्याकडे लोटली. "जाता जाता एवढी धुऊन डब्यात भरा. नव्या बाईला मोजायला होतील."

ती पुन्हा गुडघ्यावर बसली. एकेक बूच उचललं, धुतलं, पुसलं आणि तांबड्या घेवड्याच्या डब्यात भरलं.

टेन्यवाने डबा कोठीत ठेवला आणि कुलूप घातलं.

"हे तरी आता कुणी खाणार नाही," म्हणाला, आणि ढेकर दिला.