बरणीतली धाप

नवऱ्याने बादलीत आलुबुखारांची वाइन लावली आणि सहाव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. परत आला नाही. बादली मात्र फसफसत राहिली.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. अर्धवट टाकलेलं काम तिला बघवत नसे. त्याचं दिवसकार्य आटोपल्यावर तिने फळांचा चोथा काढून टाकला, रस नळीने काचेच्या मोठ्या बरणीत उतरवला आणि बुचात पाणी भरलेली वाकडी नळी बसवली. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडू लागला.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिचा घास हातातच राहिला. चार बुडबुडे भराभर, मग लांबलचक खंड, मग एक खोल. नवरा झोपेत अगदी असाच श्वास घ्यायचा. बावीस वर्षं ती त्या खंडात डोळे उघडे ठेवून पुढच्या श्वासाची वाट बघत आली होती.

तीन महिने झाले. घनतामापी तीन आठवडे एकच आकडा दाखवत होता, म्हणजे साखर संपली होती. यीस्टला खायला काही उरलं नव्हतं. तरी बरणी धापा टाकतच होती.

आता घर रिकामं करायचं होतं. बरणी प्रवासात टिकणारी नव्हती, म्हणून नणंद बाटल्या घेऊन आली.

"वहिनी, ती यीस्टला आवरणारी पावडर टाक आणि मोकळी हो बाई. मागच्या वर्षी दादाच्या बाटलीने माझ्या फडताळाचं वाटोळं केलं. बूच छताला आणि मी जमिनीला!"

"टाकते, वन्सं. आधी वाइन गाळावरून वेगळी करू दे."

"दादा कधीच टाकायचा नाही ना?"

"नाही. म्हणूनच तर तुमच्या फडताळाची ती गत."

नवरा पाकिटातलं यीस्टही वापरत नसे. दर वर्षी तळाचा गाळ जपून तो पुढच्या वाइनला लावायचा. चौदा वर्षं तोच वंश चालत आला होता.

दोघी हसत होत्या, तेवढ्यात बरणीने चार बुडबुडे सोडले आणि मग तो लांबलचक खंड. नणंदेचं हसू मावळलं.

"वहिनी... लहानपणी मी आणि दादा एकाच खोलीत झोपायचो गं."

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

नवऱ्याच्या शेवटच्या दिवशी ती दवाखान्यातून खाली औषध आणायला गेली होती. सात मिनिटं. वर आली तेव्हा नर्स पडदा ओढत होती. हा आवाजही आता थांबणार, हे ती जाणून होती. या वेळी थांबेल तेव्हा आपण इथे असायचं, एवढंच तिला हवं होतं.

तिने सल्फाइट आणि सॉर्बेटची ती पावडर काट्यावर तोलली, थोड्या वाइनमध्ये विरघळवून दुसऱ्या स्वच्छ बरणीच्या तळाशी ओतली, आणि गाळाला धक्का न लावता नळीने सगळी वाइन त्यात उतरवली. वाकड्या नळीचं बूच लावलं. घड्याळ समोर ठेवून स्टूल ओढलं.

चार बुडबुडे. खंड. एक.

मग तीन. खंड चाळीस सेकंदांचा. मग दोन, आणि खंड दीड मिनिटाचा. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. त्याने आवाज असा तासाभरात विरायला नको होता. हे तिला कळत होतं. तिने स्टूल आणखी जवळ घेतलं.

दाराची घंटी वाजली. नणंद जाऊन आली.

"वहिनी, सामानवाले आलेत. सही तुझीच हवी म्हणतात. पटकन जाऊन ये."

"थांबायला सांगा."

"अगं, दोन मिनिटांचं काम..."

"वन्सं, मी उठणार नाही."

नणंदेने तिच्याकडे बघितलं, मग बरणीकडे, आणि सामानवाल्यांना थांबवायला बाहेर गेली.

तीन मिनिटं. एक खोल बुडबुडा, सावकाश वर आला आणि फुटला.

मग वाकड्या नळीतलं पाणी उलट्या दिशेने चढू लागलं. खोली थंड झाली तर असं होतं. तिने थर्मामीटर बघितलं. पारा जागचा हललेला नव्हता. पाणी आतल्या बाजूला ओढलं गेलं, बोटभर, आणि तिथेच थांबलं.

बरणीने श्वास आत घेतला होता. सोडला नव्हता.

खालून ट्रकचा हॉर्न वाजला. तिने काचेवर तळहात टेकवला आणि पुन्हा एकपासून सेकंद मोजायला लागली.