नाव बदलणाऱ्याची गोष्ट

“पुष्पा, पोरीले त्या चोट्ट्याच्या गोष्टी नको वाचून दाखवू. गोष्ट अंगाले लागते,” सोजराबाईंनी सुनेला बजावलं होतं.

“आत्याबाई, भामट्याच्या भटकंतीच्या ह्या कादंबरीला पिकारेस्क म्हणतात. आम्हाला कॉलेजात होतं,” पुष्पाबाई हसल्या होत्या.

“कॉलेजात असो का कचेरीत, चोट्टा तो चोट्टाच!”

मित्रांनो, मीच ती चोट्ट्याची गोष्ट. मी एक जुनी कादंबरी आहे. छापखान्यातून निघाले तेव्हा कोरी करकरीत होते. माझा नायक कुणी राजपुत्र नाही. हलाखीत वाढलेला हातचलाख भामटा आहे. पोटासाठी मालक बदलत तो गावोगाव फिरतो आणि आपली कहाणी आपणच सांगतो. गंमत अशी की, मोठे म्हणवणारे मालकच त्याच्याहून लबाड निघतात. एका वैद्याच्या दारी तो ठरल्याप्रमाणे रोज लंगडत यायचा आणि रोज चारचौघांदेखत बरा व्हायचा! नवं दार, नवं नाव. वाक्य मात्र तेच, “माझं कुणी नाही, कामाला ठेवता का?”

मीही त्याच्यासारखीच हात बदलत दुसरबीड गावी आले. एका मास्तरांनी मला खाकी कव्हर घातलं, मला वाचून दाखवत सगळा वर्ग हसवला. ते वारले आणि मी वाण्याकडे रद्दीत गेले. माझ्या शेवटच्या पानांत त्याने जिरं बांधलं. उरलेली मी पुष्पाबाईंनी घरी आणली.

त्यांची लहानगी निमा मला ऐकताना खदखदा हसायची. एकदा तिने विचारलं, “आई, शेवटी तो घरी येतो का गं?”

“पानंच नाहीत, बाळा. आणि असल्या गोष्टीला शेवट नसतोच. एक मालक सुटला की दुसरा.”

मग तो शेगाव स्टेशनवरचा दिवस आला. निमाला माझ्याजवळ बसवून गेलेल्या पुष्पाबाई तिकिटाच्या रांगेतून वळून पाहतात तर बाकावर मी एकटी. कर्ण्यावरून निमाच्या नावाने हाका गेल्या. कुणी आलं नाही.

चहावाले मोतीराम म्हणाले, “निमा नाही बाई, एक सुलोचना होती. म्हने, माहं कोनी नाही, कामाले ठेवता का? मी हासलो, म्हनलं पोरगी मोठी नाटकी हाये! मंग एका बाईनं जेवाले देतो म्हनून तिले गाडीत नेलं.”

“कोणत्या गाडीत?”

“एवढ्या गर्दीत कोन पाहते, बाई?”

पुष्पाबाई भराभरा माझी पानं उलटू लागल्या. माझ्यातही एक बाई नायकाला जेवणाच्या आमिषाने गाडीत घालून नेते. पुढे काय होतं? पुढच्या पानांत जिरं गेलं होतं.

अजून त्या माझ्या फाटक्या कडेवरून बोट फिरवत बसतात. सोजराबाई त्यांना दोष देत नाहीत, ताट वाढून पुढे सरकवतात. तेच त्यांना जास्त जाळतं.

मित्रांनो, पुस्तकांना जपा, एवढंच मी सांगणार होते. ते राहू द्या आता. तुमच्या आळीत कुणाकडे नवी पोर कामाला आली असेल, तर आज जाऊन तिला पाहा. तिचं नाव विचारा, मग मायेनं पुन्हा विचारा. मग माझी गोष्ट काढा. “शेवटी तो घरी येतो का?” असं तिने विचारलं, तर ती निमाच.

तिला सांगा, येतो.