उलट्या पिळाचे दोर

थोरली बनवायला किती दिवस लागले, असं कुणी विचारलं की आमचा दादा सांगतो, "मला तीन वर्षं लागली." मी तिथेच असते, बहुतेक वेळा चहाचा ट्रे घेऊन. तीन वर्षं मलाही लागली. पण मला कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर दादा देतो.

थोरली म्हणजे जहाज. दोनशे वर्षांपूर्वी आमच्याच बंदरात बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं. चौथ्या सफरीला गेलं ते परत आलंच नाही. बंदरावरची जुनी माणसं अजून तिच्याबद्दल असं बोलतात, जशी काही घरातली मोठी बहीण रुसून निघून गेलीय. दादा जन्मभर सुतार. दारं, खिडक्या, कपाटं. गुडघे गेले तशी मोठी कामं सुटली, आणि सत्तरीला टेकल्यावर त्याने थोरलीची चार फुटी प्रतिकृती करायला घेतली. संग्रहालयातून जुने आराखडे मिळवले, मागची खोली रिकामी केली आणि दाराला आतून कडी लावून बसला.

लाकडाच्या बाबतीत मी त्याला नावं ठेवणार नाही. पातळ फळ्या वाफेवर धरून, बोटांनी हळूहळू वाकवून त्याने एकेक बसवली. बुडावरून हात फिरवला तर सांधा लागत नाही. तोफांच्या खिडक्यांना बिजागऱ्या आहेत आणि त्या उघडतात. खोटं कशाला बोलू, लाकडाशी तो जितक्या मायेने वागला तितका माझ्याशी कधी वागला नाही.

पण दोर नसले तर शिडाचं जहाज म्हणजे नुसती काठवट. डोलकाठ्या ताणून धरायला दोर, शिडं वर ओढायला दोर, खलाशांनी चढायला दोरांच्या शिड्या. दादाची बोटं जाड, सुतारकामाने फुगलेली. त्याने एक गाठ मारायला अर्धा दिवस घालवला, चिमटा भिंतीवर फेकला आणि मला हाक मारली.

मी चाळीस वर्षं शिंप्यांची काजं केली आहेत. भोक काय, कुणीही पाडतं. त्याच्या कडेने दोरा एकसारखा बसवायचा आणि तो वीस वर्षं सुटू द्यायचा नाही, हे काम. आणि हे सगळं मी डाव्या हाताने केलं. लहानपणी आईने तो हात पदराने बांधून पाहिला, बाईंनी पट्टीने मारून पाहिलं, हात काही बदलला नाही. घरात माझं नावच डावरी पडलं. दादा अजून त्याच नावाने हाक मारतो, त्यात त्याला काही वाईट वाटत नाही, आणि मला वाईट वाटतं हे त्याला माहीत नाही.

बाजारात इतका बारीक दोर मिळत नाही, तो घरीच वळावा लागतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये आमच्याकडे नऊ फुटांचा बोळ आहे. तिथे एका टोकाला फळीवर तीन आकडे आणि एक हँडल, दुसऱ्या टोकाला जुनी इस्त्री वजनाला. तीन पेड ताणायचे, हँडल फिरवायचं, पेडांना पीळ भरला की ते आपसूक एकमेकांभोवती बसतात. मग मेण, मग काळा रंग. दोर चढवलेला असला की न्हाणीघरात जाणाऱ्याने त्याच्याखालून वाकून जायचं. वहिनी म्हणायची, "वन्सं, नवी सून म्हणून आले तेव्हासुद्धा मी या घरात इतकी वाकले नव्हते." आम्ही दोघी खूप हसायचो. तेव्हा ती माझ्या बाजूची आहे असं मला वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात मी दादाला एक गोष्ट सांगितली होती. आराखड्याच्या पुस्तकात दोरांची मोठी चित्रं होती, त्यांत प्रत्येक दोराचा पीळ उजवीकडे वर चढत होता. माझ्या दोरांचा डावीकडे चढत होता. त्यात माझ्या हाताचा काही संबंध नव्हता. दादाने आणलेला दोरा शिवणाचा होता, आणि शिवणाचा दोरा मुळातच उजव्या पिळाचा असतो. असे दोरे एकत्र वळायचे तर उलटाच पीळ द्यावा लागतो. बळेच उजवा दिला तर दोरे गुंडाळी होऊन बसतात. हे काजं करणारीला कळतं, सुताराला कळायचं कारण नाही, म्हणून मी त्याला समजावून सांगितलं. उलट्या पिळाचा दोरा मिळतो, दुकानदार मागवून देतो, फक्त दोन महिने लागतील.

"दोन महिने कोण थांबणार?" दादा म्हणाला. "काळा दिसला की झालं. भिंग घेऊन कोण बघणार आहे?"

वहिनी हळूच म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती दादाबद्दल म्हणाली होती, दोराबद्दल नव्हे.

मलाही हट्ट आहे, बहीण कुणाची आहे शेवटी. मी एक दोरा घेतला, त्याचा कारखान्यातला पीळ बोटांनी पूर्ण उकलला, तंतू सरळ केले आणि पुन्हा उलटा पिळला. असे तीन. मग त्यांचा दोर वळला. हातभर लांबीला आठ दिवस लागले आणि तेवढे दिवस बोळ अडलेला राहिला. तो दोर मी दादासमोर धरला आणि म्हटलं, बघ, असा हवा. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "बरा आहे. झेंड्याला लाव," म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. मी तो मधल्या डोलकाठीच्या शेंड्याला, झेंड्यासाठी लावला. बाकी सगळं जहाज डाव्या पिळाचं झालं.

दुसऱ्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी म्हटलं, आता पुरे, दुसरी कुणी बघ. त्या दिवशी दादा माझ्या खाटेशी येऊन बसला, असं तो सहसा करत नाही. म्हणाला, संग्रहालय थोरली घेणार आहे. काचेची पेटी होईल, खाली पितळी पट्टी लागेल. "पट्टीवर दोन ओळी असतील. वरची माझी, खालची तुझी."

चौसष्ट वर्षांची बाई एका पितळी पट्टीने हुरळावी हे हसण्यासारखं आहे, मला मान्य आहे. पण माझं नाव घराच्या दारावर नाही, विजेच्या बिलावर नाही. कोटाच्या आत शिंप्याचं नाव असतं, काजावर कुणाचंच नसतं. मला ती खालची ओळ हवी होती. डोळा पूर्ण बरा होण्याआधीच मी त्यावरचं बँडेज काढलं आणि पुन्हा बोळात जाऊन बसले. दोन हजार एकशे साठ गाठी आहेत थोरलीवर. मोजल्या, कारण दुसरं कुणी मोजणार नव्हतं.

तिसऱ्या वर्षी संग्रहालयाच्या प्रमुख बाई बघायला आल्या. बरोबर एक निवृत्त कप्तान होते, तरुणपणी शिडाच्या जहाजावर शिकलेले. जेवणाच्या टेबलावर थोरली मांडली होती. कप्तानांनी बुडाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. फळ्यांबद्दल विचारलं, दादाने सांगितलं. खिडक्यांबद्दल विचारलं, दादाने उघडून दाखवल्या. मग ते दोरांच्या शिड्यांशी आले आणि म्हणाले, एवढ्या गाठी, एकही ढिली नाही. "चिमट्याने माराव्या लागतात," दादा म्हणाला. "डोळे जातात." मी ट्रे घेऊन उभी होते. डोळे माझे गेले होते. मला वाटलं, आता सांगेल, पुढच्या वाक्यात सांगेल.

कप्तानांनी खिशातून भिंग काढलं.

ते एका दोरावरून दुसऱ्यावर गेले, मग तिसऱ्यावर. त्यांचा चेहरा पडत गेला. "पीळ उलटा आहे," ते म्हणाले. "सगळ्यांचाच. त्या काळी असे दोर वापरत नसत." प्रमुख बाईंनी विचारलं की यामुळे फार फरक पडतो का. ते म्हणाले, बघणाऱ्याला नाही पडत, जाणणाऱ्याला पडतो.

दादाने जहाजाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "दोरकाम माझ्या बहिणीचं. ती डावरी आहे ना."

तीन वर्षांत बाहेरच्या माणसापुढे त्याने पहिल्यांदा सांगितलं की दोर मी केले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे दोरा त्याचा, घाई त्याची आणि वाकडा माझा हात. मला भयंकर राग आला. बोलणार तेवढ्यात कप्तान मधल्या डोलकाठीच्या शेंड्यापाशी पोचले होते.

"हा मात्र बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज एकदम बदलला होता. "अगदी बरोबर. हे सोपं नाही. हा कुणी केला?"

"तो मी केला," दादा म्हणाला. "नमुना म्हणून. तिला दाखवायला."

आयत्या बिळावर नागोबा मी आयुष्यात पुष्कळ पाहिले, पण बीळ खोदणारीसमोर बसलेला तो पहिलाच. मी विचारलं, "दादा, तो दोर कुठल्या दोऱ्याचा आहे?" तो हसून पाहुण्यांना म्हणाला, दोरा तो दोरा, अजून कुठला असणार. मी वहिनीकडे पाहिलं. ते आठ दिवस ती त्याच दोराखालून वाकून जात होती. रोज विचारायची, झाला का हो तुमचा तो एक दोर. तिला सगळं ठाऊक होतं. तिने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाली, "वन्सं, चहा गार होतोय."

चारचौघांत भावाला खोटं पाडायला लागणारी जीभ मला नाही, ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही. रात्रभर मात्र तीच जीभ मनातल्या मनात बोलत होती.

संग्रहालयाने थोरली घेतली. प्रमुख बाई म्हणाल्या, लाकूडकाम फार सुंदर आहे, दोरांची त्रुटी पट्टीवर प्रामाणिकपणे लिहू म्हणजे झालं. मजकूर दादाने स्वतः लिहून दिला. काचेची पेटी लोकांना बघायला खुली झाली त्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले, कारण पट्टीवर काय आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पट्टीवर दोन ओळी होत्या. वर दादाचं पूर्ण नाव. खाली: दोरकाम निर्मात्याच्या बहिणीचे. बहीण डावखुरी असल्याने दोरांचा पीळ मूळ जहाजाच्या उलट आहे. झेंड्याचा दोर निर्मात्याने स्वतः वळला आहे.

नाव नव्हतंच. नातं होतं आणि खोड होती.

"दोन ओळी म्हटलं होतं, दोन ओळी दिल्या," दादा माझ्या कानाशी म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की त्याने शब्द पाळला. एक शिक्षक शाळेच्या मुलांना ती ओळ वाचून दाखवत होते, आणि एक मुलगी डाव्या हाताने वहीत लिहून घेत होती. ते बघून मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. ती खालची ओळ मलाच हवी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता ती पट्टी चार स्क्रूंनी बसली आहे आणि आमच्या दोघांच्या मागे राहणार आहे.

तीन महिन्यांपूर्वी संग्रहालयाने दादाला दुसरं जहाज करायला सांगितलं. काल सकाळी तो माझ्या खोलीत आला आणि त्याने माझ्या मांडीवर एक रीळ ठेवलं. "या खेपेला चूक नको हं, डावरे. हा उलट्या पिळाचा दोरा. मुद्दाम मागवला. दोन महिने थांबलो."

मी दोऱ्याचं टोक सुटं करून पाहिलं. बरोबर होता. म्हणजे थोरलीच्या वेळी मी बोलले त्यातला शब्द न् शब्द त्याला कळला होता. इतके दिवस मी मनाला समजावत होते की बिचाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. ज्याला कळत नाही त्याला माफ करता येतं.

"नमुना तू कर ना," मी म्हटलं. "मला दाखवायला. मागच्या वेळी केला होतास तसा."

वहिनी दारात केस विंचरत उभी होती, तिचा हात थांबला. दादा आधी हसला. मग वहिनी बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि तो रीळ उचलून बोळात गेला. आकड्यांना दोरे कसेबसे अडकवले, इस्त्री लावली, उजव्या हाताने हँडल गरागरा फिरवलं. दोऱ्यांच्या गुंडाळ्या झाल्या. त्याने तोडले, पुन्हा लावले, पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला इस्त्री निसटून त्याच्या पायावर पडता पडता राहिली.

"किती फेरे द्यायचे ग?" त्याने विचारलं.

तीन वर्षांत त्याने मला कामातलं विचारलेलं हे पहिलंच. उत्तर माझ्या बोटांत होतं. ओठांवर येऊही लागलं होतं, इतकी माझी सवय वाईट आहे.

"मला काय ठाऊक," मी म्हटलं. "मी डावरी."

मी टॉवेल घेतला आणि बोळातून न्हाणीघराकडे गेले. या खेपेला वाकावं लागलं नाही. दोर खाली पडला होता.