उजवीकडे बघणारा मासा

पासष्टी ओलांडली तरी सगळा बाजार त्याला धाकटाच म्हणायचा. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, हाताखाली दोन मुलगे, एक थोरला नि एक धाकटा. गिऱ्हाइकांना तेवढं पुरायचं. पुढे वडील गेले, दुकानाला कुलूप लागलं, थोरल्याचा तर शहाऐंशी सालापासून पत्ता नाही, तरी हा आपला धाकटाच. आता धाकटा म्हटलं की कोणाहून धाकटा, हे कोणी विचारायला नको का? कोणी विचारत नव्हतं. त्याच्या मनात मात्र प्रत्येक हाकेला तोच प्रश्न उठायचा.

दर रविवारी तो मास्तरबरोबर जुन्या बाजारात जायचा. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला त्याचा लंगोटीयार. मास्तर फुटके कंदील, दौती, तसबिरींच्या चौकटी असलं काहीबाही विकत घ्यायचा आणि घरी बायकोची बोलणी खायचा. धाकटा दमडीचं काही घ्यायचा नाही. तो फक्त घड्याळं उघडून बघायचा. दुकानदार चालवून घ्यायचे, कारण त्याचा हात लागला की मेलेलं घड्याळही घटकाभर टिकटिक करायचं.

तो बघायचा ती खूण. घड्याळ दुरुस्त झालं की मागच्या पितळी पत्र्याच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण कोरायची, खाली महिना आणि साल टाकायचं, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज. काम ज्याचं, खूण त्याची. थोरल्याची खूण बाण, धाकट्याची मासा. शहाऐंशीनंतरचा एखादा बाण सापडला तर दादा कुठेतरी आहे, जेवतोय-खातोय, काम करतोय, एवढं तरी कळलं असतं. तेवढ्यासाठी हा माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडत फिरत होता.

थोरला का गेला, हे मात्र त्याने मास्तरलाही सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी एक अडचण होती. धाकट्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधराच दिवस झाले होते, डॉक्टरांनी बारीक बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. तरी स्वारी निघालीच.

"घरी बस म्हटलं तर बसशील का?" मास्तर म्हणाला.

"तू आहेस की. मी उघडतो, तू वाच."

"म्हणजे आता मी तुझा डोळा. पगार काय देणार?"

"चहा."

"कुबेरच लागून गेलास," असं म्हणत मास्तरने भिंग खिशात टाकलं.

दुपारपर्यंत चार दुकानं झाली. बाण नाही. पाचवं दुकान एका बाईंचं होतं, अरुंद आणि लांबलचक, दोन्ही भिंतींवर छतापर्यंत माल लावलेला. धाकट्याने लंबकाचं एक घड्याळ खाली घेतलं, पाठ उघडली आणि मास्तरपुढे धरलं.

"मासा," मास्तर म्हणाला. "तुझंच काम."

"मिट मग."

आपला मासा दिसला की तो असंच तडकाफडकी मिटायचा. पहिल्यापासून. मासा बघितला की त्याला ते एक घड्याळ आठवायचं आणि तोंड कडू व्हायचं. पण मास्तर पडला शिक्षक, कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत तपासणार.

"थांब रे. सहा, ब्याण्णव. जून ब्याण्णव." मास्तरने भिंग खाली केलं. "हे तू कसं केलंस?"

"कसं म्हणजे?"

"ब्याण्णवच्या जूनमध्ये तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. माझ्या स्कूटरवरून पडला होतास."

"पडलो नव्हतो, तू पाडलं होतंस."

"तेच ते. दोन महिने तुला साधी शर्टाची बटणं लावता येत नव्हती. सुईने मासा कुठून कोरणार?"

मास्तरने पुन्हा भिंग लावलं. "आणि हा मासा उजवीकडे बघतोय. तुझा डावीकडे बघतो, बिलावर सहीऐवजी काढायचास तेव्हा शंभरदा पाहिलाय मी. वर्गात डावखुरी पोरं असायची ना, तीच चेहरे असे उजवीकडे वळवून काढायची."

धाकटा स्टुलावर बसला. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही त्याने नुसताच हातात धरला.

"दादा डावखुरा होता," तो म्हणाला.

"मग त्याने तुझी खूण का काढावी?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि खरं तर त्याला कोणाला तरी सांगायचं होतंच. एक अवघड घड्याळ आलं होतं. तीन दुकानांनी हात टेकलेले. दादा नऊ दिवस त्याच्यावर बसला आणि ते चालू करूनच उठला. दादा जेवायला गेला तेव्हा धाकट्याने पत्र्यावरचा बाण घासून काढला आणि तिथे मासा कोरला. वडील कधी त्याला शाब्बास म्हणत नसत, ते एकदा ऐकायचं होतं, बस्स. वडिलांनी पाठ उघडली, मासा बघितला, शाब्बास म्हणाले. दादा दारातच उभा होता. तो बोलला असता तर बरं झालं असतं, चार कानाखाली दिल्या असत्या तर आणखी बरं. तो बोलला नाही. सकाळी अंथरुणाची घडी होती आणि दादा नव्हता.

"आणि वडिलांना कधी सांगितलंस?"

"माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ते गेले तरी नाही."

मास्तर म्हणाला, "रागाने एखादा मासा काढेल माणूस. फार तर दोन. आणखी आहेत का बघू."

धाकटा उठला. "बाई, ते वरचं उतरवा. आणि कोपऱ्यातली ती दोन. त्यांत मासे आहेत, मीच मिटवून ठेवलीत."

तिन्ही घड्याळं टेबलावर आली. अठ्ठ्याण्णव, उजवीकडे बघणारा मासा. दोन हजार नऊ, तसाच मासा. काम असं सुबक की डोळ्याला पट्टी असती तरी बोटांना दादाचा हात कळला असता. किती रविवार, किती बाजार. बाण शोधताना याने दादाला किती वेळा हातात धरलं आणि पाठ लावून परत ठेवून दिलं होतं. दादा आपलं एकेक चांगलं काम याच्या नावावर करत राहिला होता. तुला शाब्बासकी हवी होती ना, घे. नाही तर काय अर्थ होता त्याचा?

"शेवटचं वाच," तो म्हणाला.

मास्तरला वेळ लागला. "मासा आहे, पण रेघ वाकडीतिकडी. अकरा..." तो थांबला. "अरे, मागच्या वर्षीचा नोव्हेंबर."

डॉक्टरांची आज्ञा धाब्यावर बसवून धाकट्याने भिंग हिसकावून घेतलं आणि स्वतः बघितलं. मग पत्र्यावरून अंगठा फिरवला.

"हात कापतोय त्याचा," तो म्हणाला. "म्हातारा झालाय दादा." आणि तिथेच, बाईंच्या देखत, ढसाढसा रडला.

मास्तरने त्याला रडू दिलं. बाईंकडे वळून विचारलं, "हे आलं कुठून?"

"महिन्याला एक ट्रक येतो, काका. ड्रायव्हर गावोगावचा माल गोळा करतो. घड्याळं एकाच म्हाताऱ्याकडून आणतो म्हणाला होता. गावाचं नाव नाही मी विचारलं. येत्या गुरुवारी येईल तो."

"त्याच्याजवळ निरोप देता येईल?"

"न द्यायला काय झालं?" बाईंनी पावतीपुस्तकाचा कोरा कागद फाडला, पेन उघडलं. "कोणाचा निरोप म्हणून लिहू?"

मास्तर नाव सांगायला गेला, पण धाकट्याने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"धाकट्याचा," तो म्हणाला.

"एवढंच? आणि निरोप काय?"

इतक्या वर्षांत त्याने मनाशी लांबलचक माफी घोकून ठेवली होती, तिच्यातला एक शब्द आठवेना. त्याने बाहीने डोळे पुसले.

"लिहा, दादा, आता बाण काढ."