उकंडाच्या विहिरीचं पाणी

मथुराबाईनं जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं आणि फडकं उलटं करून पाहिलं. त्यावर पिवळा चिखल बसला होता. हंड्यात उतरलेलं पाणीही वरणासारखंच. तिनं फडकं दगडावर आपटलं.

"आसरा कोपल्या," ओट्यावरून सासू म्हणाली. "पान्यातल्या बाया हायत त्या. एक कोंबडं मांगून राह्यल्या. देऊन टाक ना वं."

"आपुन सोडलं ना ते, आत्याबाई."

"आपुन सोडलं. त्याइनं सोडलं का?"

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव अडाण नदीत सोडले, तेव्हा ती टोपली तिच्याच डोक्यावर होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात उकंडानं अंगणात विहीर खोदायला घेतली. सुरुंग नाही, मजूर नाही. नवरा खाली पहार चालवायचा, ती वरून टोपल्या ओढायची. काळी माती सरली, मुरूम लागला, तळहातांची सालं गेली, तेव्हा कुठं ओल दिसली. अंगण उकरायची हौस कोणाला असते? पण गावच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीनं विहिरीच्या ओट्याखाली घागर मांडून बसायचं, आणि वरच्या कोणाला तरी दया येईपर्यंत बसूनच राहायचं. दया आली तर पाणी, पाण्यासोबत शिव्या. शिवाशीव बंद करायचा कायदा झाला होता म्हणे. कायद्याच्या हातात दोर-बादली नव्हती.

कुंपणापाशी बैलगाडी थांबली. गाडीत किसनराव होता, गावातला मोठा कास्तकार. गावची ती विहीर त्याच्याच आळीतली.

"काय गा उकंड्या, देव नदीत टाकले, अन् नदीचा गाळ तुह्या इहिरीत आला काय?" तो मनापासून हसला. "काई हरकत नाई. आमच्या ओट्याखालची तुमची जागा कोनी नेली नाई. या परत."

"बैल उनात उभे हायत तुमचे," अंगणातून उकंडा म्हणाला. "घेऊन जा."

गाडी गेली आणि उकंडा विहिरीत उतरला. पाणी उपसलं, गाळ खरवडून वर पाठवला, धसलेल्या बाजूला दगड रचले. नदीची जाड वाळू नि गोटे दोघांनी डोक्यावरून वाहून आणले आणि तळाशी अंथरले. दिवस मावळताना पाझर असा स्वच्छ होता की सारी वस्ती वाकवाकून पाहून गेली.

सकाळी बादलीत पुन्हा वरण.

उकंडा विहिरीच्या काठावर बसला. हा माणूस कामाच्या वेळी बसलेला मथुराबाईनं कधी पाहिला नव्हता.

"दे कोंबडं," तो खाली बघत म्हणाला. "बुढ्या मायचं ऐक. नाईतर चाल, बसू परत त्या ओट्याखाली."

कोंबडं धरायला मूठभर ज्वारी आणावी म्हणून ती घरात गेली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. घागरी, हंडे, परात, डाळ शिजवायचा गंज, सगळं काठोकाठ भरलेलं. चुलीवर ठेवायला एक भांडं रिकामं नव्हतं. तिनं गंजात हात घातला. गाळ खाली बसला होता, वर पाणी निवळशंख.

ती तशीच शेजारी शकुबाईकडे गेली. तिथं तर जेवायची ताटंसुद्धा भरलेली.

"एवढं काहून भरलं वं?"

"उद्या नाई भेटलं त?"

मथुराबाई दारातच थबकली. तिला कोणी विचारलं असतं, तर तीही हेच बोलली असती. पहाटेपासून सारी वस्ती विहिरीवर तुटून पडायची, बादली तळाच्या गोट्यांवर खरडून गाळ ढवळेपर्यंत कोणी हलायचं नाही. रोज! हावरटपणा नव्हता तो. ओट्याखाली बसवून बसवून गावानं अंगात मुरवलेली ती धास्ती होती.

ती परत आली, दोर गुंडाळला आणि त्यावर बसली.

"आज कोनी बादली टाकाची नाई. घरातलं वरचं निवळलेलं पानी वापरा. इहिरीले गप बसू द्या."

बायका जमल्या. शकुबाई घागर आपटत पुढं आली.

"तू कोन वं बंद करनारी? किसनरावसारखी इहिरीची मालकीन झाली का?"

ते वर्मी लागलं. मथुराबाईचा चेहरा उतरला, पण ती उठली नाही.

"बंद नाई करून राह्यली, बाई. दम धरा म्हनतो. पानी हाय तिथंच राहीन. उद्याबी. कोन नेते त्याले? आपल्या आंगनात हाय ना ते, शकुबाई? आपल्या!"

उकंडा उठला आणि येऊन बायकोच्या शेजारी दोरावर बसला. वस्तीसमोर तो असा तिच्याजवळ कधी बसला नव्हता. बायका कुरकुरत पांगल्या.

दुसऱ्या दिवशी मथुराबाईनं बादली वरच्यावर तिरपी करून भरली, बुडवली नाही. बादलीचा तळ दिसत होता. शकुबाईनं एक घागर भरली. दुसरी भरावी की नाही म्हणून ती काठावर चुळबुळत राहिली, आणि मग रिकामी घागर काखेत मारून घरी गेली.

दुपारी भाकरी झाल्या, भांडी झाली. पाण्याचं कुठलंच काम उरलं नाही. मथुराबाई उठली, मोकळ्या हातानं विहिरीवर गेली, वाकून बघितलं आणि परत आली.

"काहून गेलती वं?" सासूनं विचारलं.

"पाहाले."

"काय पाहाले?"

"हाय."

सासू भिंतीला हात लावत लावत ओट्यावरून उतरली.

"कुठी चालल्या, आत्याबाई? पानी पायजे का?"

"नाई," म्हातारी म्हणाली. "मीबी पाहून येतो."