घुमटाखालचा आखाडा

कौतिक पहिलवानाला त्या घुमटात पाय ठेवायचा नव्हता. बुऱ्हाणपूर जवळ आलं की ते पांढरं, पालथ्या टोपल्यासारखं स्टेडियम लांबूनच दिसायचं, आणि हा गडी बसमध्ये तोंड फिरवून बसायचा. का नाही फिरवणार? आज जिथे स्टेडियम आहे, तिथेच देवराम वस्तादांचा आखाडा होता. ताक, तेल, हळद घालून पोसलेली लाल माती! कौतिक त्या मातीतच लहानाचा मोठा झाला.

जागा स्टेडियमला गेली, तेव्हा आखाड्यातली माती त्यानं गोण्यांत भरून शेतावर नेली. वस्तादांचा दंडकच होता: आपल्या आखाड्याचं लेकरू ही माती लावल्याशिवाय कुस्तीला उतरत नाही. आणि झालं काय? त्याचा लेक योगेंद्र. त्याला वाटलं खतमाती आहे. सगळ्या गोण्या केळीच्या खड्ड्यांत ओतून मोकळा झाला! कौतिकनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्यात केळी अशी फोफावली की विचारू नका. त्याचा तर आणखीच संताप.

आज मात्र घुमटात जाणं भाग होतं. योगेंद्रची पोर, भूमिका, तिथे जिल्ह्याकडून लढणार होती. सकाळी कौतिकनं केळीच्या बुडाशी उकरून मूठभर माती फडक्यात बांधून घेतली. निघताना आशाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच केळीची एक फणी पिशवीत कोंबली.

गेटवरच्या शिपायानं पिशवी तपासली आणि पुरचुंडी बाजूला काढली.

"बाबा, मिट्टी अंदर नहीं जाएगी. मॅट खराब होती है."

"अरे, या मातीच्या जागेवर तर उभं आहे तुझं स्टेडियम!"

शिपाई काही ऐकेना. पुरचुंडी टेबलाखाली गेली, केळी तेवढी परत मिळाली.

आत भूमिका वाटच बघत होती. तिनं आजोबांना हौसेनं स्टेडियम दाखवलं. एवढा मोठा घुमट आणि मध्ये एकही खांब नाही! कौतिकची मान वर गेली ती खाली येईना. आवडलं म्हणायचं नव्हतं, पण आवडलं. पुढे भिंतीवर स्टेडियमचा इतिहास लावला होता. सांगाडा कसा उचलला, पत्रे कसे चढवले, सगळे फोटो. वर पहिलीच ओळ होती: 'यहाँ पहले बंजर ज़मीन थी.'

"बंजर?" कौतिकचा आवाज चढला. "आमच्या वस्तादांनी उभा जन्म घालवला इथे, अन् हे म्हणू राहिले बंजर!"

"आजोबा, जाऊ द्या ना. माती आणली ना तुम्ही?"

त्यानं गेटवरचा प्रकार सांगितला. पोरीचं तोंड उतरलं. "मग मी कशी उतरू? आजवर तशी कधीच उतरले नाही."

तेवढ्यात भोंग्यावर तिचं नाव आलं. कौतिकला काही सुचेना. कपाळावर हात मारून तो खाली टेकला, तर मांडीवर पिशवी. पिशवीत केळी. तो बघतच राहिला.

"हे खा," त्यानं एक केळ सोलून पुढे केलं.

"अभी? कुस्तीच्या आधी?"

"खा म्हणतो ना! तुझ्या बापानं गोण्या कुठे ओतल्या होत्या?"

भूमिका थबकली. मग खुदकन हसली, आणि त्याच्याकडे बघत बघत तिनं ते केळ खाल्लं. उरलेली साल कपाळाला टेकवून ती मॅटकडे पळाली.

योगेंद्र मागच्या रांगेत अंग चोरून बसला होता. कौतिक उठून त्याच्याजवळ गेला आणि एक केळ त्याच्या हातात ठेवलं.

"घे. तुझ्यामुळे आत आली माती."

खाली मॅटवर भूमिकानं शड्डू ठोकला. तो आवाज घुमटाला लागून असा काही घुमला की कौतिकच्या अंगावर काटा आला. अगदी आखाड्यातला आवाज. मग त्यालाही राहवलं नाही. सगळ्या लोकांसमोर, धोतर सावरत, म्हाताऱ्यानं वरून शड्डू ठोकला.